अक्कांचा गाडा आणि माझा हुक

जळगावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी बॉनेटमध्ये वाकलेली दिसले की नवं गिऱ्हाईक अजूनही विचारतं, "मालक कुठे गेले?" मालक मीच, एवढं सांगते आणि काम चालू ठेवते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात असोद्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्या बचत गटाला उडदाच्या पापडांची मोठी ऑर्डर मिळाली होती. गावच्या चक्कीत डाळीत गव्हाचं पीठ मिसळायचं, म्हणून पहूरच्या एका अक्कांची गिरणी आठवडाभर आणायची ठरली होती. गिरणी दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेली. माझ्या पिकअपमागे जोडून ती ओढत आणायची, एवढंच काम. अक्कांशी फोनवर बोलून मी दिवस ठरवला.

पहूरला गाडा हुकाला लावला, दिव्यांचा प्लग बसवला आणि अक्कांना मागे उभं करून ब्रेक दाबला. लाल दिवा लागायच्या ऐवजी दोन्ही बाजूंचे दिवे मिणमिणले. मला लगेच कळलं, अर्थिंग गेलं होतं. गाड्याखाली शिरले. अर्थची तार रंगावरच बोल्टने आवळलेली, वर गंजाचा थर. लोखंड चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासलं, नवी तार जोडली. ब्रेकलाइट झक्क लागला. मी खूश, अक्काही खूश.

मग मी गाड्याच्या विम्याचा कागद मागितला.

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, बोलीही तिकडचीच. त्या म्हणाल्या, "कागद कशाले? चोरीना शे का गाडा?"

"तसं नाही अक्का. रस्त्यात कुणाला लागलं तर?"

कुरकुरत त्यांनी ट्रंकेतून कागद काढला. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. मी माझ्या विमा एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुमची पॉलिसी पिकअपची. हा गाडा तिच्यात नाही. कुणी धडकलं, तर ओढणारी गाडी तुमची म्हणून लोक तुम्हालाच धरतील."

मी प्लग काढला. "गाडा नेणार नाही," म्हटलं.

अक्कांचा चेहरा उतरला. "मन्हा मालकनी सोताना हातनी बनाडेल शे. बठ्ठं गाव त्यास्ले वळखे. कोन्ही कधी कागद मांगा नही."

नवऱ्याच्या हातचा गाडा, मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. मात्र डाळ असोद्यात निवडून तयार होती, रिकाम्या हाताने परत जाऊन चालणार नव्हतं. मी गिरणीकडे पाहिलं. चार बोल्ट आणि एक मोटार. पिकअपच्या हौद्यात सहज मावली असती. शेजारच्या गॅरेजमधून चार गडी बोलावले, बोल्ट खोलायला पाने मी दिले. मोटार वेगळी काढली, गिरणी उचलून हौद्यात ठेवली आणि दोरांनी चारी बाजूंनी ताणून बांधली. गाडा अंगणातच राहिला.

गिरणी एकटी पाठवायला अक्का तयार नव्हत्या. पिशवी घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या. वाटेत नेरीला खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "तू फोनवर आधीच सांगती ते मी कागद करी ठेवती."

त्यांचं बरोबर होतं. दिव्यांची तपासणी मला आपसूक आठवते, कागदाचं मात्र हुकाला गाडा लागल्यावर सुचलं. "चुकलं माझं, अक्का," मी म्हटलं. त्यांनी पिशवीतून शेव काढली आणि माझ्यापुढे धरली.

असोद्यात गिरणी बसवली. पीठ किती बारीक हवं ते अक्कांनी बोटांनी चोळून बायकांना दाखवलं, दोन दळणं स्वतः उभं राहून काढली. रात्री त्या बहिणीकडेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तासही झाला नसेल, तोच असोद्याहून बसने आलेल्या अक्का दारात उभ्या. हातात पिशवीतून काढलेला तो जुना कागद, शिवाय नवऱ्याच्या नावाचं गाड्याचं नोंदणीपुस्तक.

"तुन्हा तो एजंट कोठे बसस?" त्यांनी विचारलं.

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांना पिकअपमध्ये बसवून घेऊन गेले.