झोपलेल्या गुलाबांची छाटणी

आठवडाभर अंधारात प्लांटवर कामाला जायचं आणि अंधारातच इथल्या, आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या घरी परतायचं, यात गुलाबांची छाटणी राहूनच गेली होती. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी कधी नव्हे ते ऊन पडलं, म्हणून अंगात त्राण नसताना कात्री घेऊन मागच्या बागेत गेले. आई शालीवर माझं जॅकेट चढवून दारात उभी राहिली. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून घेऊन आले होते. फेब्रुवारीचं परतीचं तिकीट रद्द करून तिनं इथेच राहावं, म्हणून मी तिच्या मागे लागले होते. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

"या काड्या कशाला कापतेस?"

"थंडीत झाड झोपलेलं असतं, आत्ताच कापायचं. शेजारच्या आजींनी सांगितलंय."

झालं! "झोपलेल्या झाडाला कधी हात लावतात का गं?"

आमच्याकडे दिवेलागणीनंतर तुळशीचं पान तोडायचीही चोरी. पण इथली झाडं महिनोन् महिने झोपतात, त्यांचं काय करायचं? मी चिडूनच विचारलं. तोडगा शेवटी तिनंच काढला. प्रत्येक झुडपाला हात लावून आधी ती म्हणणार, "ऊठ गं बाई, जरा कापायचंय," आणि मग मी कात्री चालवायची. काडीवर कोंब फुटायचा डोळा शोधायचा, त्याच्या वर तिरका काप द्यायचा. माझी पाठ मोडून आली, बोटं बधिर झाली, आणि हिचं आपलं निवांत एकेकीला उठवणं चाललेलं. मला वैताग आला होता आणि हसूही येत होतं.

"फुटवा कधी येतो याला?" तिनं विचारलं.

"मार्च संपता संपता."

"म्हणजे तेव्हा मी नसेन."

महिनाभर न मिळालेलं उत्तर असं मिळालं. मी कात्री खाली ठेवली.

"आई, तिथे आता कोण आहे तुझं?"

"कोणी नाही. पण तिथे कोणी यायचंच नसतं. इथे सकाळपासून तुझी वाट बघते, आणि तू येतेस, दोन घास खातेस आणि आडवी होतेस."

ती रागावून बोलली नव्हती. त्यात खोटंही काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

"मी फार दमते गं," मी म्हणाले.

"दिसतंय ना मला," ती म्हणाली. "त्यात आणखी माझी काळजी कुठे करशील?"