पंधरावा बेनेडिक्ट

आरोपी क्रमांक तीन. नाव: गिराल वेसाद. वस्ती: व्योर नदीची दरी, उजवा काठ, घर नाही, गुहा. धंदा: डुकरं खच्ची करणे. वय: अंदाजे पन्नास. ओळखखूण: डाव्या हाताला करंगळी नाही, एका डुकरिणीने नेली, असे आरोपी सांगतो. गुन्हा: चौदापर्यंत मोजणे.

गुन्हा साधा नव्हता. न्यायालयाच्या हिशेबी बेनेडिक्ट नावाचे पोप बाराच झाले. तेराव्याला धर्मपरिषदेने पन्नास वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. तरीही त्याच्यामागून दरीतल्या माणसांनी चौदावा मानला, कपारीत लपवला, चेस्टनटच्या पिठावर पोसला. आकड्याची खोड अशी की तो एकटा येत नाही. चौदावा म्हटलं की तेरावा खरा होतो, आणि तेरावा खरा झाला की रोममध्ये बसलेला खोटा. म्हणून कारकून चौदा लिहिण्याआधी दर वेळी ‘तथाकथित’ लिहायचा. त्याची बरीच शाई त्यात गेली.

गिरालला अक्षरओळख नव्हती. पण रोज संध्याकाळी तो मुलीकडून, गालार्दाकडून, पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत यादी म्हणून घ्यायचा. यादी तशी सोपी. सगळ्यांचं नाव एकच. एखादा आकडा गाळला की मात्र थोबाडीत बसायची. नवव्यापायी तिने पुष्कळ मार खाल्ला.

चौदावा खोकून खोकून मेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाप कामात होता: डुक्कर गुडघ्यांत, सुरी दातांत. “आता कोण?” तिने रडत विचारलं. पोप निवडणारे सगळे केव्हाच मेलेत, हे गिरालला ठाऊक होतं. पण पोर रडायची थांबेना आणि डुक्कर निसटू पाहत होतं.

“पंधरावा,” तो म्हणाला.

“कुठाय?”

“लपलाय.”

त्या दिवसापासून यादी एकाने वाढली.

सहा वर्षांनी बिशपचे शिपाई आले. त्यांनी गुहेच्या तोंडाशी ओली झुडपं पेटवली आणि आतली माणसं खोकत बाहेर यायची वाट पाहिली. पहिला आला तो त्यांच्यासोबत लपलेला म्हातारा पाद्री. त्याचं डोकं कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने फोडलं. गिरालच्या बायकोने, अस्त्रुगाने, उकळत्या चेस्टनटचं भांडं एकाच्या तोंडावर फेकलं. दुसऱ्याने तिच्या पोटात भाला घातला आणि तो निघेना म्हणून तिच्यावर पाय देऊन ओढला. गिरालने हातातल्या धंद्याच्या सुरीने त्या भालेवाल्याच्या टाचेमागची शीर कापली; सरावाचा हात होता, एका झटक्यात झालं. मग बाकीच्यांनी त्याला खडकाशी दाबलं आणि दगडाने त्याची बोटं एकेक करून मोडली. नऊच भरली, म्हणून शिपायाने पुन्हा मोजली.

खटला बाजारच्या चौकात झाला. लाकडं आधीच रचलेली होती. न्यायाधीशाने सकाळीच नियम समजावून दिले होते: शपथेवर सगळे खोटे पोप नाकारील तो जगेल, भिंतीआड कैदेत का होईना. शपथ घेऊन काही लपवील किंवा खोटं बोलेल तो जळेल. न विचारता खरं सांगेल त्याला दया. गिरालने ते नीट ऐकून घेतलं. बायको गेली होती. पोरगी तेवढी जगवायची होती.

“तेरावा पोप नव्हता,” तो म्हणाला. “चौदावा पोप नव्हता.” आवाज जराही कापला नाही. आतडी विकणारी एक बाई मोठ्याने म्हणाली, की एवढ्यासाठी का पहाटे उठायचं होतं.

मग गालार्दाला पुढे ओढलं. तीही म्हणाली, तेरावा नव्हता, चौदावा नव्हता. आणि अडली. संध्याकाळी बघायची तशी बापाकडे बघू लागली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “पंधरावा राहिला.”

कारकुनाची लेखणी थांबली. पंधरावा खरा तर चौदावा खरा, तेराव्यासकट. आत्ताच नाकारलेले दोघे एका शब्दात जिवंत झाले होते. न्यायाधीशाने गिरालला विचारलं, की शपथेवर कोण खोटं बोलतंय, तू की ही?

पंधरावा मीच रचला, असं तो सांगू शकत होता. ते खरंही होतं. पण मग चौकात खोटं बोलली ती पोरगी.

“पोरगी खरं बोलते, महाराज. आहे एक. मीच गाळला.”

“कुठाय?”

“लपलाय.”

लाकडं ओली होती, त्यामुळे वेळ लागला. तो पाय जळेपर्यंत गप्प होता, नंतर नव्हता. त्याच्या ओरडण्यात कोणताही आकडा आढळला नाही, अशी नोंद आहे. गालार्दाला खरं बोलल्याबद्दल चार वर्षं भिंतीआड भाकरी-पाण्यावर ठेवलं आणि सोडून दिलं.

शिपायांनी पंधराव्यासाठी दरी तीनदा पिंजून काढली, दोन झोपड्या जाळल्या. बेनेडिक्टला दरीतले लोक बेनेझेत म्हणतात. त्या नावाचा एक शेळ्या राखणारा म्हातारा सापडला, त्याला झाडाला टांगलं. तो पोप वाटत नव्हता, पण नाव जुळत होतं.

दप्तरात शेवटी लिहिलंय: पाखंड समूळ छाटण्यात आले असून तथाकथित पंधराव्याचा शोध जारी आहे.

त्या वर्षी दरीतली डुकरं खच्ची करायला कुणी आलं नाही. नाताळात कापलेल्या नरांच्या मांसाला घाण वास येत होता.