वजनाचा रविवार

टूथब्रशची दांडी करवतीच्या पात्यानं कापली की एक चमत्कारिक वास येतो. दाताच्या डॉक्टरकडे यंत्र फिरू लागल्यावर जो वास येतो, त्याच्या दूरच्या नात्यातला. किंचित जळका, किंचित गोड आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात अगदीच न शोभणारा. पांढरा भुगा मांडीवर सांडतो, दांडी कटकन तुटते आणि आपण सहा ग्रॅमनी हलके होतो. नोव्हेंबरातल्या एका रविवारी पन्नाशी गाठलेले तीन गृहस्थ हडपसरच्या एका सदनिकेत, सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून असे आळीपाळीनं हलके होत होते. त्यांतला एक मी होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही तिरकस लिहीन त्यात माझाही वाटा धरावा.

बेत तसा साधा होता. सायकलींवर तंबू बांधायचे, खडकवासल्यावरून पाबे घाट चढून वेल्ह्याला उतरायचं, तिथून केळदच्या बाजूला पठारावर दोन रात्री काढायच्या आणि परत यायचं. शाळेत असताना आम्ही तिघांनी असाच एक बेत मधल्या सुट्टीत ठरवला होता आणि संध्याकाळी निघालोही होतो. सामान म्हणजे एक चादर आणि पिशवीभर चुरमुरे. आता त्याच तिघांना चार रविवार पुरत नव्हते. वय वाढतं तसा माणसाला उंबरा ओलांडायला वेळ का लागतो? वस्तू वाढलेल्या असतात म्हणून, की त्या वस्तूंवाचून आपण कसे दिसू याची धास्ती वाढलेली असते म्हणून? मी इतिहास शिकवतो, त्यामुळे प्रश्न विचारून पुढे सरकण्याची मला सवय आहे.

चार रविवार लागले ते जयंतामुळे. जयंता एका सॉफ्टवेअर कंपनीत फार वरच्या जागेवर आहे. त्याचा हुद्दा इतका लांब आहे की त्याच्या कार्डावर नावाला अंग चोरून बसावं लागतं. दहा वर्षं अमेरिकेत राहून तो परतला, आणि येताना सोबत एक सिद्धान्त घेऊन आला: डोंगरात सायकलवर जाणाऱ्यानं तंबूसकट आठ किलोंवर एक ग्रॅमही नेता कामा नये. त्यासाठी त्यानं संगणकावर तक्ता केला. वस्तू, वजन, उपयोग, कोण नेणार, आणि शेवटचा रकाना: ठेवावी की वगळावी. दर रविवारी दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरायची, प्रत्येकानं आपली पिशवी सगळ्यांसमोर रिकामी करायची, एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायची, जयंतानं आकडा पुकारायचा आणि तक्त्यात भरायचा. एकाच कामाच्या दोन वस्तू निघाल्या तर हलकी राहील, जड जाईल. त्यावर अपील नाही. या विधीचं नाव वजनाचा रविवार. माझा जाडजूड टॉवेल पहिल्याच रविवारी गेला आणि त्याच्या जागी पंचा आला. ज्या पंच्यावर वडील आयुष्यभर भागवत होते आणि ज्याची मला कॉलेजात लाज वाटे, तो अमेरिकेला वळसा घालून शास्त्रशुद्ध होऊन माझ्याकडे परत आला! जयंताच्या आणि माझ्या पोटाचं वजन मात्र तक्त्यात कुठेच नव्हतं. तो रकाना घालावा असं आम्हां दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

तिसरा दिगंबर. तो येरवड्याहून आपल्या काळ्या, आडव्या दांड्याच्या सायकलवर येई. ती सायकल त्यानं नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली आणि बावीस वर्षं तिच्यावरून तो चिंचवडच्या कारखान्यात गेला. जयंताची गिअरची सायकल लिफ्टनं वर येऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर तसबिरीसारखी टांगलेली असे. दिगंबरची मात्र फाटकावरचा रखवालदार आत येऊ देत नसे. एका विलायती राजवाड्याचं नाव धारण करणाऱ्या त्या सोसायटीत काळ्या सायकलींची जागा भिंतीबाहेर, मोलकरणींच्या चपलांशेजारी होती. फाटकावरच्या वहीत भेटीचं कारण लिहावं लागे. दिगंबर गंभीर चेहऱ्यानं दर वेळी ‘वजन करणे’ असं लिही. रखवालदारानं एकदा विचारलं, “साहेबांकडं दवाखाना हाय का?” दिगंबर म्हणाला, “हो. पण गुण अजून कोणाला आलेला नाही.”

दिगंबर साचे बनवायचा. कारखान्यात लोखंडाचा ठोकळा त्याच्या हाती देत आणि केसाच्या दहाव्या भागाइतकाही फरक न करता तो त्याला हवा तो आकार देई. मग बाजार खुला झाला, स्पर्धा आली, आणि कंपन्यांना एकाएकी आपल्या वजनाची जाणीव झाली. सगळीकडे एकच शब्द ऐकू येऊ लागला: सुटसुटीत. कंपनी सुटसुटीत व्हावी, खातं सुटसुटीत व्हावं. दिगंबरला सत्तेचाळिसाव्या वर्षी पुष्पगुच्छासह स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. ‘देण्यात आली’ हेच तिचं यथार्थ क्रियापद. हलकेपणाचं हे वेड त्या काळाचंच असावं. टेलिफोन हलके झाले, घड्याळं हलकी झाली, पत्रं तर इतकी हलकी झाली की त्यांचा कागदही गेला. हलकं होणं म्हणजे प्रगत होणं, यावर सर्वांचं एकमत होतं. पण काहीही हलकं होतं तेव्हा उतरवलेलं ओझं जातं कुठे? ते कोणाच्या तरी घरी जाऊन, सकाळचं वर्तमानपत्र दोनदा वाचत बसलेलं असतं.

म्हणूनच पहिल्या रविवारी चुलीचा विषय निघाला तेव्हा दिगंबरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नीट पाहिलं. स्पिरिटवर चालणारी, घडी होणारी, चहाचं पातेलं पेलणारी हलकी चूल हवी होती. जयंता म्हणाला, “दिग्या, तू करशील?” दिगंबरनं मापं विचारली. पातेल्याचा व्यास, पाणी किती, वारा कुठून. मग खिशातून पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला तीन रेघा ओढल्या. त्याला कोणी काहीतरी करून मागितल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढचे रविवार तो चुलीच्या हकिकती घेऊन येऊ लागला. अॅल्युमिनियमचा पत्रा जुन्या बाजारात कसा मिळाला, भोकं पाडायला सुई वापरली तर ज्योत कशी सरळ येते, पाय किती पातळ केले की वाकतात. एकशे चाळीस ग्रॅमवरून तो एकशे वीसवर आला, मग एकशे बारावर. “आता कात्री थांबवली,” तो म्हणाला, “याच्या खाली गेलो तर रिकामं पातेलं धरेल, पण चहाचं धरणार नाही.”

त्या चौथ्या रविवारी टूथब्रश कापून झाल्यावर आम्ही चादरीशी बसलो. शनिवारी निघायचं होतं. तक्त्यावर शेवटचा हात फिरवायचा होता. दिगंबरनं फडक्यातून चूल काढून काट्यावर ठेवली. तिचे तीन पाय उघडताना इतका मृदू आवाज झाला की जयंताची बायको सुनीता बघायला म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आली. “एकशे बारा,” जयंतानं पुकारलं. मग तो उठला, कपाटातून एक काळी मखमली थैली काढून आणली आणि जादूगाराच्या थाटात तिच्यातून दुसरी चूल बाहेर काढली. टायटॅनियमची, परदेशी, राखाडी निळसर. काट्यावर ठेवली. “शहाण्णव! सरप्राइझ!” मग त्यानं तक्त्यात नोंद करून संगणकाची कळ दाबली, आणि सवयीनं, क्रिकेटच्या पंचासारखं बोट वर करून म्हणाला, “दिग्याची चूल आउट.”

दिगंबरनं आपल्या चुलीचे पाय एकेक करून मिटले, ती फडक्यात गुंडाळली आणि उठला. “चहा टाकलाय, भावोजी,” सुनीता म्हणाली. “नको वहिनी, निघतो. आणि जयंता, शनिवारचं माझं धरू नकोस. गुडघा बोलतोय जरा.” ज्या गुडघ्यांनी बावीस वर्षं चिंचवड गाठलं ते एका मिनिटात बोलू लागले होते. तो आला नाही तर सहल अर्थहीन होती हे तर खरंच. पण त्याहून वाईट म्हणजे, तो त्या दारातून तसाच गेला असता तर पुन्हा रविवारी आला नसता. माझ्यापुरतं सांगायचं तर, मी त्या वेळी चादरीवरच्या सुरकुत्या पाहत होतो. तटस्थ राहून निरीक्षण करणं हा एक उच्च प्रतीचा गुण आहे असं मी अनेक वर्षं मानत आलो आहे. त्याला दुसरं नावही असू शकतं, हे त्या दिवशी थोडं जाणवलं.

मग मी जे करायला नको ते केलं. औदार्य दाखवलं. म्हटलं, “माझ्या पिशवीतलं पुस्तक काढा. दिग्याची चूल मी माझ्या वजनात घेतो.” दिगंबर दारातून वळला. “मास्तर, तुझी दया तुझ्या पंच्यात बांधून ठेव. चूल जड आहे. जड ती जड. काटा काय माझा चुलता आहे, माझी बाजू घ्यायला?” मग जयंताकडे वळून, आवाज न चढवता त्यानं विचारलं, “ही थैली तुझ्याकडे कधी आली?”

“दोन महिने झाले,” जयंता म्हणाला. “ऑफिसातला एक जण अमेरिकेहून येताना घेऊन आला.”

“म्हणजे पहिल्या रविवारी मला विचारलंस तेव्हा ही कपाटात होती.”

“अरे, मजा! दोन्ही डिझाइनं समोरासमोर ठेवायची म्हणून. आमच्याकडे दोन टीमना असंच करायला लावतात. मोटिव्हेशन असतं.”

“मी ह्यांना म्हटलं होतं सांगा म्हणून,” सुनीता चहाची कपबशी हातात धरून म्हणाली. “दोनदा म्हटलं होतं.”

दिगंबर चपला न घालता तसाच उभा राहिला. कारखान्याविषयी तो सहसा बोलत नसे. बोलला तर विनोदी बोलत असे. त्या दिवशी मात्र सरळ बोलला. त्यांच्या खात्यात नवं संगणकावर चालणारं यंत्र आलं, तेव्हा कोपऱ्यात ताडपत्रीचा पडदा लावला होता. तीन महिने पडद्याआड त्याची जुळणी चालली. खात्यातले पंधरा साचेवाले अलीकडे काम करायचे आणि पलीकडचा आवाज ऐकायचे. “आवाजावरून कळायचं, पोलाद कसं कापतंय ते. सुंदर कापत होतं. मला एकदा बघायचं होतं रे, बाकी काही नाही. साहेबाला विचारलं तर म्हणाला, वेळ आली की दाखवू. वेळ आली तेव्हा निवृत्तीचं पाकीटच आलं. पडदा काढला तो आमच्या निरोपसमारंभानंतर.” मग तो म्हणाला, “हरल्याचं नाही वाटत मला. तू ही चूल माझ्या हातात दिली असतीस, तर मीच म्हटलं असतं की ही घ्या. तू मला विचारायचं होतंस.”

जयंता मोठा साहेब आहे, आणि मोठ्या साहेबांना चूक झाल्यावर काय म्हणायचं याचं प्रशिक्षण दिलेलं असतं. तशी दोनतीन वाक्यं त्याच्या ओठांपर्यंत आलेली मला दिसली. पण त्यानं त्यांतलं एकही उच्चारलं नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरतो. त्यानं काट्यावरची चूल उचलली, आणि मग संगणकाशी जाऊन दिगंबरच्या चुलीपुढचा ‘वगळली’ आणि आपल्या चुलीपुढचा ‘ठेवली’ हे शब्द एकेक अक्षर मागे सरत पुसले. दोन्ही रकाने रिकामे झाले. परत येऊन त्यानं ती चूल दिगंबरच्या तळहातावर ठेवली. “बघ,” तो म्हणाला. “घ्यायची का, तू सांग. मला यातलं खरंच काही कळत नाही.” हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून मी शाळेनंतर पहिल्यांदा ऐकत होतो.

दिगंबर खाली बसला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं चूल उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला, पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले. सुनीतानं न सांगता पातेल्यात पाणी आणून दिलं. ते त्यानं वर ठेवून एका बोटानं ढकललं. पातेलं किंचित डुललं. आम्ही तिघं निकाल ऐकायला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसारखे उभे होतो. माणूस एखादी वस्तू पाहत असताना त्याच्याकडे पाहत राहणं किती शांत असतं! त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर ना हार होती, ना जीत. एका कारागिरानं समुद्रापलीकडच्या, कधीही न भेटलेल्या दुसऱ्या कारागिराशी चालवलेला निवांत संवाद होता.

“चांगली आहे,” तो अखेरीस म्हणाला. “माझ्या चुलीपेक्षा चांगली आहे. ही घ्या.” आणि लगेच, “पण एका पायाला बर राहिलीय. कापताना कडेला धातूची धार उरते ना, ती. त्यामुळे पातेलं डुलतंय. घाटात वारा असेल. बारीक कानस दे, दोन मिनिटांत सरळ करतो.”

त्या घरात तीन संगणक होते, पावाला भाजणारं, फळांना पिळणारं आणि धूळ ओढणारं अशी वेगवेगळी यंत्रं होती. कानस नव्हती. जयंतानं दोन खण उघडले, मिटले. “शेजारी विचारून येतो,” असं म्हणून तो अर्ध्या चड्डीवर, तसाच बाहेर पडला. त्या इमारतीत राहायला आल्यापासून त्यानं शेजाऱ्यांकडे काही मागितल्याचं सुनीताला आठवत नव्हतं.

दिगंबरनं कपबशी जवळ ओढली. बशीत चहा ओतून एक घोट घेतला आणि मला म्हणाला, “पाबे घाटात मी पुढे राहीन. तुम्ही दोघं गिअर मोजत या.” गुडघ्याचं मी विचारलं नाही. दार उघडंच होतं. आधी समोरच्या घराची, मग पाचव्या मजल्यावरची घंटा वाजली, दार उघडलं, बोलणं झालं, मिटलं. मग चौथ्या मजल्यावरची. मग तिसऱ्या. आम्ही चहा पीत एकेक घंटा खाली उतरत जाताना ऐकत राहिलो.