सासूबाई शुद्धीत होत्या

विहिरीच्या पायरीवरून पाय घसरून सासूबाई पडल्या आणि डोक्याला मार बसला. गावातल्या एका जीपमधून त्यांना रत्नागिरीच्या दवाखान्यात आणलं. आमचे हे मुंबईला कामावर. त्यांना तार केली. ते येईपर्यंत खाटेशी मी एकटीच.

सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. हाकेला ओ देत असतील तर मुंबईला नेऊन डोक्याचं ऑपरेशन करता येईल, नाहीतर प्रवासही झेपणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे त्या शुद्धीत आहेत की नाहीत, एवढंच ठरायचं होतं.

मोठे डॉक्टर सकाळी यायचे. "आजी, हात वर करा," असं ओरडायचे, नखावर पेन दाबायचे, मान हलवायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांच्या हाकेला सासूबाईंनी डोळे किलकिले केले, तर त्या म्हणाल्या, सुधारणा आहे. संध्याकाळच्या सिस्टर जाग येते का बघायला त्यांच्या छातीवर मूठ चोळायच्या आणि म्हणायच्या, झोपल्यात नुसत्या. बाई एकच, दिवस एकच, आणि उत्तरं तीन. सिस्टरना विचारलं तर त्या डॉक्टरांना विचारा म्हणायच्या, आणि डॉक्टरांपुढे माझं तोंड उघडत नव्हतं.

मला मात्र एक दिसत होतं. मोठे डॉक्टर जवळ आले की सासूबाईंचा उजवा हात हळूहळू डोक्याकडे जायचा. पदर शोधायचा. तिथे पदर नसायचा, पट्टी असायची. बोटं पट्टीच्या कडेवर फिरायची आणि हात खाली पडायचा. बायका आल्या की हात जागचा हलत नसे. घरी ओटीवर कोणी परका पुरुष आला की त्यांचा हात असाच जायचा, आणि तो माणूस जाईपर्यंत नजर खाली. अशी बाई परक्या पुरुषाने सांगितलं म्हणून हात वर करून दाखवणार होती का?

एका सकाळी मी धीर केला.

"डॉक्टर, त्या पदर घेतायत."

"काय?"

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज आणखीच बारीक झाला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हात असे आपोआप हलतात. नातेवाइकांना वाटतं, ओळखलं." मग तो तुम्ही आल्यावरच का हलतो, हे घशापर्यंत आलं होतं. तोवर ते पुढच्या खाटेशी होते.

हे आले ते एसटीतून उतरून सरळ दवाखान्यात.

"आये शुद्धीत हाय की नाय?"

कोण काय म्हणतं ते मी सगळं सांगितलं. पदराचंही सांगितलं.

"तीन तीन काय सांगतेस? एक काय ता सांग."

मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही कळत नाही त्यांना, घरी न्या. मागे त्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, दुपारी त्यांनी..." ते म्हणाले, दुपारचं दुपारी बघू. दुपारी आम्ही जीपमध्ये होतो.

हातखंब्याला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. तिथून एक रस्ता मुंबईला जातो, दुसरा आमच्या गावाकडे. मी ह्यांना म्हटलं, अजून वळता येईल. त्यांनी आत वाकून दोनदा "आये" म्हणून हाक मारली. हात हलला नाही. पोटच्या पोरापुढे कोण पदर घेतं? मग ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन डोकावला, कशी आहे म्हातारी म्हणून, आणि हात उठला. ह्यांनी तो पाहिला. नीट पाहिला.

"डाक्टर म्हणाले ना, आपोआप हलतो," हे म्हणाले, आणि गाडी गावाकडे वळली.

घरी आणल्यावर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मुंबईला नेलं असतं तर वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण ते डॉक्टर, त्या डॉक्टरीणबाई आणि सिस्टर, तिघं एकदाही एका वेळी त्या खाटेशी उभी राहिली नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.