परवडणारा पिकअप

तार छेडली की मामा गिटारीकडं बघत नसत, डावीकडं बघत. तिथं कुणी असो वा नसो, मान आपोआप डावीकडं वळायची, क्षणभर थांबायची, आणि मग समोर जो कोणी असेल त्याला ते विचारायचे, "पोचलं का?"

त्यांची सारी नोकरी दौंड जंक्शनात रेल्वेच्या टेलिफोन खात्यात गेली होती. खांबावर चढायचं, तार जोडायची आणि पलीकडच्या स्टेशनाला "पोचलं का?" म्हणून विचारायचं, हेच काम. निवृत्त होऊन शिरूरला आले तरी ती सवय सुटली नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मामा चहा पाजायचे आणि वर विचारायचे, पोचला का? स्टँडावरची मंडळी त्यांची नक्कल करायची. मीही करायचो, आणि चांगली करायचो.

माझं तेव्हा एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. निमोण्याचा गडी पाबळला वायरिंग शिकतो आणि तालुक्याच्या गावी दुकान टाकतो, म्हटल्यावर त्याच्या डोक्यात किती हवा असेल ते तुम्हीच ओळखा. वस्तूला काय हवं ते वस्तूपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. मिशनच्या जुन्या आवारामागं ख्रिस्ती मंडळींची वस्ती आहे, तिथले ते जावई. बायको गावची लेक म्हणून सगळ्यांची आत्या, आणि आत्याचा नवरा तो मामा. माझी जात-वस्ती वेगळी, पण चर्चचा अँप्लिफायर माझ्याकडंच दुरुस्तीला यायचा, त्यामुळं त्या घरच्या चहावर माझाही हक्क होता.

आत्यांना ऐकू येत नसे. तरुणपणी टीबी झाला होता. त्याच्या इंजेक्शनांनी जीव वाचला आणि कान गेले. तेही एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली, मग माणसांचं बोलणं. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यानं नुसतं डोकं धरायचं. शेवटी दौंडला एवढंच उरलं होतं, की मालगाडी निघाली की आत्या भाकरी थापता थापता मान वर करायच्या. शिरूरला तर रेल्वेच नाही. माहेरी आल्या आणि तोही आवाज तुटला.

ही गोष्ट मामांच्या फार जिवाला लागली होती. जाड आवाज अजून आपल्या बायकोपर्यंत पोचतो हे त्यांना माहीत होतं, आणि जाड आवाज काढायला त्यांच्याकडं एक इलेक्ट्रिक गिटार होती. ती मान डावीकडं वळायची ती आत्यांकडं. मामा दर रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे, आणि तिथं बायका डाव्या बाजूला बसतात. आत्या पुढच्या बाकावर, मांडीवर गीतांचं पुस्तक, आणि गिटार पोचली की त्या पुस्तकावर त्यांची बोटं ताल धरायची.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते करताना तुम्ही मला बघाल आणि मनात म्हणाल, अरे बाबा, थांब.

तर ती गिटार एक दिवस मुकी झाली. मामांनी ती पोत्यात गुंडाळून दुकानात आणली. मी मीटर लावला, काटा हलेना. पिकअप गेला होता. पिकअप म्हणजे कांद्याच्या गोण्या वाहणारी गाडी नव्हे. गिटारीच्या तारांखाली एक काळी पट्टी असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ही पट्टी ती थरथर धरते आणि वायरीतून पेटीत, म्हणजे अँप्लिफायरमध्ये पाठवते. ती पट्टी गेली की इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती फळी.

मी म्हटलं, नवा टाकू, पुण्याला तपकीर गल्लीत माझी ओळख आहे. मामांनी मान हलवली आणि सांगितलं, "बघा. पर परवडनारा पायजे."

पहिला आणला तो स्वस्तातला नवा. मामांनी तो पक्का बसवू दिला नाही. वायरी नुसत्या पिळून जोडल्या, पट्टी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधली आणि घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत. "न्हाई परवडत." मला वाटलं, निवृत्त माणूस, हात आखडता असणार. मग मी मोटार रिवायंडिंगवाल्याकडून जुन्याच पट्टीवर तार गुंडाळून घेतली. विहिरीच्या मोटारी भरणारा माणूस तो, त्याच्या हातून गुणगुणणारा भुंगा तयार झाला. मामा घेऊन गेले, परत आले. "न्हाई परवडत." तिसरा एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या गिटारीतला होता, देवळाच्या घंटेसारखा स्वच्छ. तो मी त्यांना फुकट देऊ केला. एक पैसा नको म्हटलं. ते रात्रभर ठेवून सकाळी परत घेऊन आले, काउंटरवर ठेवला आणि ओशाळं हसून म्हणाले, "न्हाई ओ परवडत."

फुकटातला पिकअप कसा परवडत नाही, यावर मी स्टँडावर आठवडाभर लोकांना हसवलं. आज ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

चौथा पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारात सापडला. त्याला ना झाकण ना नाव. कुणीतरी घरी बसून वेडीवाकडी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त तार गुंडाळलेली आणि वरून काळी टेप. तार जास्त झाली की आवाज जाड होतो, बारीक सूर आतल्या आत गुदमरतात. मी तो लावून बघितला तर गिटार पोत्यातून बोलल्यासारखी बोलायला लागली. मला तो दाखवायचीसुद्धा लाज वाटत होती. मामा घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. डोळे तारवटलेले, पण चेहरा असा की घरात बारसं असावं. "ह्यो परवडला," म्हणाले. "पक्का बसवा."

मी बसवला. मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

चर्चच्या मंडळींचंही तेच मत पडलं. कोरसमधल्या मुली कुरकुरायच्या, की मामांची गिटार नुसती घुमते, सूर सापडत नाही. वर्षभर सगळ्यांनी सोसलं. नाताळ जवळ आला तेव्हा चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, स्वतः दुकानात आले. मामांच्या परिस्थितीमुळं त्यांना बरा पिकअप घेता येत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी आपसात वर्गणी काढली होती आणि मामांना न कळवता नाताळची भेट द्यायची असं ठरलं होतं. कुठला घ्यायचा ते मी निवडायचं. मला तर मुंगसाला साप सापडल्यासारखं झालं. पुण्याला कॅम्पात गेलो, अर्धा दिवस घालवला आणि उत्तमातला उत्तम पिकअप घेऊन आलो. मामांची गिटार एका सैल वायरीसाठी माझ्याकडंच आली होती. पोत्यातला आवाज काढून ड्रॉवरमध्ये टाकला, नवा बसवला आणि नाताळच्या सकाळी गिटार थेट चर्चमध्ये नेऊन ठेवली.

नाताळच्या उपासनेला मी दारापाशी, अँप्लिफायरजवळ उभा होतो. मामांनी पहिली तार छेडली आणि अख्खं चर्च मागं वळून माझ्याकडं बघायला लागलं. काय आवाज होता! शब्दाशब्दाबरोबर सूर वेगळा ऐकू येत होता. कोरसच्या मुलींचे डोळे चमकले. पाळकसाहेबांनी भेटीची हकिगत सांगितली, टाळ्या झाल्या.

मामांची मान डावीकडं वळली. आत्यांची बोटं पुस्तकावर तशीच पडून होती. मामांनी पुढचं कडवं वाजवलं, पुन्हा बघितलं. बोटं हलली नाहीत. आत्या पुस्तकाकडं बघत होत्या, मग छताच्या पंख्याकडं, मग पुन्हा पुस्तकाकडं. मामांनी उपासना पूर्ण वाजवली, उठून सगळ्यांना हात जोडले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, लई चांगलं काम केलं. त्या दिवशी ते कुणालाच "पोचलं का?" म्हणाले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं, पण मी टाळ्यांच्या नादात होतो.

पुढच्या रविवारपासून आत्यांची बोटं पुन्हा ताल धरायला लागली. सगळं मार्गी लागलं असं दिसत होतं.

फेब्रुवारीत एके दुपारी आत्या एकट्याच दुकानात आल्या. त्या एकट्या बाजारात कधी येत नसत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं त्या कधी ओरडून बोलायच्या, कधी पुटपुटायच्या. त्या दिवशी पुटपुटल्या. मी स्टुल दिलं, त्या बसल्या नाहीत.

"ती गिटारची पेटी जरा मोठी करून देता का? आवाज वाढवून?"

मी ओठ नीट हलवत विचारलं, का? चर्चमध्ये तर बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

"मला येत न्हाई. नाताळापास्नं कायच येत न्हाई. उरल्यालं बी गेलं." त्या काउंटरवरच्या स्क्रूंकडं बघत होत्या. "आता मी ह्यांची बोटं बघून ताल धरती. त्यांना वाटतंय मला ऐकू येतंय. तुमी त्यांना सांगू नका. लई दिस हुडकून आनलं हुतं त्यांनी माझ्यासाटी. रातभर वाजवायचे आन् इचारायचे, पोचलं का, पोचलं का."

एवढं बोलून त्या पदर सावरून निघून गेल्या. मी सोल्डरिंगची कांडी बंद केली. तीन पिकअप का परवडले नाहीत, फुकटातला का परवडला नाही, ते मला त्या दुपारी कळलं. आत्यांचे कान नाताळला गेले नव्हते. ते मी काढून ड्रॉवरमध्ये टाकले होते.

संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. सांगितलं, नाताळच्या नव्या पिकअपची तक्रार आहे, तो कधीही बंद पडेल. दुसरा येईपर्यंत जुनाच लावतो. खोटं बोलायची मला सवय होती, गिऱ्हाइकांशी रोजच बोलायचो, पण त्या दिवशी जीभ अडखळली. मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "लावा."

रविवारी गिटार पुन्हा पोत्यातून बोलली. कोरसच्या मुलींनी नाकं मुरडली, पाळकसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गणी खाल्ली. मी फक्त डाव्या बाजूच्या पुढच्या बाकाकडं बघत होतो. आत्या मामांच्या बोटांवर नजर लावून तयारीत बसल्या होत्या. पहिला सूर वाजला आणि त्या दचकल्या. मग त्यांनी नजर काढून घेतली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्यांची बोटं पुस्तकावर चालायला लागली, तालात, बरोब्बर तालात. मामा डावीकडं बघत होते ते बघतच राहिले. एक कडवं चुकलं त्यांचं.

दुसरा पिकअप कधी येणार, असं मामांनी मला पुढं कधी विचारलं नाही. चर्चची बोलणी मी खाल्ली. चारेक वर्षं तशी गेली.

आत्या गेल्या त्यानंतर दोन महिन्यांनी मामा गिटार घेऊन दुकानात आले. तेच पोतं. काउंटरवर ठेवून म्हणाले, "ते नाताळाचं बसवा आता. चर्चला आवडतंय."

मी चाचरत म्हटलं, तो खराब झाला होता.

"न्हाई झाला. ठाऊक हाय मला." त्यांनी स्टुल ओढून घेतलं. "आन् ती माजी बोटं बघून ताल धरीत हुती, ते बी ठाऊक हुतं. पैल्याच रविवारी कळलं. ताल मागं पडत हुता. पर मला बरं वाटावं म्हनून करती बिचारी, मग मी बी बरं वाटून घेतलं. मंडळींनी येवढ्या मायेनं दिल्यालं, काढा कसं म्हनायचं? तुमी काढलं, लई उपकार झाले."

माझे उपकार. मी मान खाली घालून पिकअप बदलला. दोन वेळा वायर सुटली. काम झाल्यावर मामांनी तार छेडली. स्वच्छ, घंटेसारखा आवाज निघाला. स्टँडावरची दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. मामांची मान सवयीनं डावीकडं वळली. तिथं भिंतीशी माझे बंद टीव्ही रचून ठेवले होते. ते तिकडं बघत राहिले. विचारलं मात्र काही नाही.

निघताना त्यांनी मी काढलेला जुना पिकअप उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो ठेवा तुमच्याकडं. कोनाच्या घरी लागला तर द्या. परवडनारा हाय."

पुढं ते दौंडला भावाकडं राहायला गेले. घर रुळांच्या अगदी कडेला होतं म्हणे. ते गेल्याची बातमी मला माती झाल्यावर चार दिवसांनी कळली. एसटीत बसून मी दौंडला गेलो, तर तिथं कुणाला भेटावं तेच कळेना. फलाटावर चहा घेतला. एक लांबलचक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो आणि परत आलो. मामांची फार आठवण येते. कुणीतरी "पोचलं का?" विचारावं असं अजून वाटतं.

आता शिरूरला गिटारवाली मुलं पुष्कळ झाली आहेत. दुकानात येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात आणि विचारतात, काका, स्वस्तातला पिकअप आहे का? मी असतील ते दाखवतो. काळी टेप गुंडाळलेला तेवढा दाखवत नाही. आधी विचारतो, घरी ऐकायला कोण आहे?

मुलं हसतात. मग मी ड्रॉवर बंद करतो.