ब्रेक भेटला

शाळेत गुरुजींनी 'ब्रेक' या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहून दिले होते: मोडणे, तुटणे, फोडणे, मधली सुट्टी. बोईसरच्या कारखान्यांत चालणारा अर्थ त्यांत नव्हता. तो मला वडिलांमुळे कळला. कायम व्हायचं तर कामाचे दोनशे चाळीस दिवस सलग भरावे लागत. ते भरत आले की ठेकेदाराचा मुकादम गेटवर सांगे, "उद्यापासून तुला ब्रेक." पंधरा-वीस दिवसांनी नवं कार्ड, आणि मोजणी पुन्हा एकपासून. वडील असे नऊ वर्षं नवे कामगार होते.

मला चीड यायची ती आमच्या माणसांनी हे अंगवळणी पाडून घेतल्याची. मासवणकडच्या आमच्या पाड्यात कौलं शाकारायची ती ब्रेकमध्ये, मुलगी बघायला जायचं तेही ब्रेकमध्ये. वडील "ब्रेक भेटला" म्हणत, बक्षीस भेटावं तसं. आई म्हणे, "आता घरी हाव ना, तर कुडाला माती लावा."

मी तेव्हा पालघरला कॉलेजात होतो. पिशवीत कायम कामगारांच्या हक्कांची पत्रकं, त्यांतली काही मीच लिहिलेली. वडिलांना कायम करून दाखवायचंच, असं मी ठरवलं. महिनाभर मागे लागल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून नऊ वर्षांची जुनी कार्डं काढली. ती घेऊन त्यांच्या पुढच्या ब्रेकमध्ये आम्ही बोईसरला कामगारांच्या वकिलाकडे गेलो.

वकिलाने कार्डं टेबलावर मांडली आणि एकावरच्या नावावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"माझा भाऊस."

"आणि हा?"

"बापूस. मी लहान व्हतो तवाच गेला."

"मग काम कोणी केलं?"

"मीच केलं की! मुकादम बोलला, तेच नाव परत चालत नाय, घरातलं दुसरं सांग. परक्याचं नाय सांगितलं मी."

हे त्यांनी छाती काढून सांगितलं. वकिलाने कार्डं गोळा करून माझ्या हातात दिली. "मेलेला माणूस सात महिने कापड रंगवायच्या डाइंग खात्यात कामाला होता, हे मी कोर्टात कसं सांगू?" बाकावरचे दोघे-तिघे हसले. वडीलही हसले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. नऊ वर्षांत एकदाही वाटलं नाही, की आपण आपलंच नाव खोडतोय?

"तुला ठावं व्हतं तर आदी बोलायचास," ते म्हणाले. "गेटवर सगल्यांना कागद वाटतोस."

मी वाटत होतो. वडिलांच्या हातातही दिला होता. त्यांच्या कार्डावर कोणाचं नाव आहे, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्या खेपेचा ब्रेक संपला त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेटवर गेलो. या वेळी स्वतःचंच नाव सांगा, असं मी वाटेत दोनदा बजावलं होतं. त्यांनी ते सांगितलं. मुकादमाने नकारार्थी मान हलवली. "ते झालंय काका, दुसरं बोला. मागं लाइन हाय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं नाव सांगितलं.

मुकादम कार्ड इंग्रजीत लिहीत होता. माझ्या नावाशी तो अडला. "तू शिकलेला दिसतोस. स्पेलिंग बोल."

मी एकेक अक्षर सांगितलं.