फिशटँकचं सागवानी झाकण

झाकण निघत नव्हतं आणि टाकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी पाझरत होतं. मी बोटाने पुसलं. पुन्हा ओलं झालं.

"अण्णा, जरा बघता काय?" मी हाक मारली.

अण्णा आमच्या पॅटर्न शॉपचे मालक. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे काम शिकते. आमच्या कोडोलीच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एखादी गोष्ट येत नाही, हे सांगायला मला अजून जड जातं.

पॅटर्न म्हणजे लोखंडी भागाचा लाकडी नमुना. फाउंड्रीत तो वाळूत दाबतात, अलगद उचलतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करतो. हा हिशेब मला पाठ आहे.

टाकी अण्णांच्या केबिनमध्ये असते. चार फुटी, आत एकच अरोवाना. हा मासा उड्या मारतो. आधीचा असाच बाहेर पडला आणि सकाळी फरशीवर मेलेला सापडला. म्हणून अण्णांनी झाकण करायला सांगितलं. मला एकटीला मिळालेलं ते पहिलं काम.

मी सागाच्या फळ्या जोडून एकसंध झाकण केलं. ते काचांच्या आत, काठाखाली चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्यांवर बसायचं. खाणं टाकायला एका टोकाजवळ, रुंदीच्या मधोमध गोल भोक आणि त्याला बूच ठेवलं. वरून पॅटर्नला मारतो तेच चपड्याचं पॉलिश मारलं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. फिटिंग इतकं अचूक की कडेने कागदही जात नव्हता. आमचे मिस्त्री बाबूमामा त्यावरून हात फिरवून म्हणाले होते, "बेस झालंय गं."

आठवड्यात पॉलिश पांढरं पडलं. आणि आता हे.

अण्णांनी वाकून बघितलं. "पाणी कुठलं हे?"

"जोडातलं. झाकण फुगलंय. पुढची काच बाहेर ढकलतंय."

टाकीच्या काचा एकमेकींना फक्त सिलिकॉनने धरलेल्या असतात. कोपरा सुटला की पुढची अख्खी काच जाऊ शकते. मग पाणी आणि मासा दोन्ही जमिनीवर. मासा आधी काढून घ्यावा तर त्यासाठी झाकणच उघडायला हवं होतं.

अण्णा ओरडले, "बाबू, हातोडा आण! भोकात पहार घाल आणि उचकट."

"उचकटतो की," मामा म्हणाले. "पण काच ऱ्हाईल काय, ते तुमी सांगा."

"थांबा की!" मी म्हटलं. ते जरा मोठ्यानेच निघालं.

"मग काय करतीस? मंत्र म्हणतीस?"

मला मंत्र येत नव्हता आणि दुसरंही काही सुचत नव्हतं. एवढंच कळत होतं की पाण्याचा दाब कमी करायला हवा. भोकातून नळी घालून आम्ही बादल्यांत निम्मं पाणी काढलं. पाझर थांबला. अण्णांनी फिशटँकवाल्याला फोन लावला. तो पेठ वडगावला होता, संध्याकाळी येतो म्हणाला. तोवर काच टिकेल का, हे त्यालाही सांगता येईना.

मी झाकणाच्या चारी कडांना कागद सरकवून बघितला. पुढे-मागे जात नव्हता. दोन्ही टोकांना सहज जात होता. मग मला कॉलेजमध्ये शिकलेलं आठवलं. लाकूड पाणी प्यायलं की लांबीत जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीत, लाकडातल्या उभ्या रेषांच्या आडवं. म्हणजे त्या रेषांच्या दिशेनेच मधून कापलं, तर करवतीच्या जाडीएवढी जागा मोकळी होईल आणि दोन्ही भाग आत सरकतील.

"मधनं लांबीत कापते," मी म्हटलं.

"नवंकोरं झाकण?"

"व्हय."

"काप. माझं काय जातंय, मासाच जाणार हाय."

मामा मशीन आणायला निघाले. मी नको म्हटलं. मशीन थरथरतं आणि ती थरथर काचेला चालली नसती. मासा घाबरून धडका मारू नये म्हणून टाकीच्या पुढून जुनी चादर सोडली. भोकातून अरुंद हातकरवत घातली, आधी जवळचं टोक कापलं आणि मग दुसऱ्या टोकाकडे हळूहळू ओढायला लागले. भुसा पाण्यात पडत होता. तो नंतर गाळता आला असता.

झाकण निम्मं कापून झालं आणि करवत अडकायला लागली. मामांना वाटलं, पातं गरम झालं. मला बरं वाटलं. दोन्ही भाग जवळ येत होते, म्हणूनच पातं चिमटत होतं. मी फटीत पाचर ठोकली नाही, नाहीतर दोन्ही भाग परत काचेवर दाबले गेले असते. पातं ओढून काढलं, पुन्हा घातलं. शेवटी "कट्" असा आवाज झाला. तिघांनीही काचेकडे बघितलं. काच जागेवर होती. झाकणाच्या लाकडाचा शेवटचा धागा तुटला होता.

अर्धं झाकण दोन बोटांनी वर आलं.

त्याची खालची बाजू काळी पडली होती, ओलीचिंब.

"आतनं कोरंच ठेवलंस व्हय गं?" अण्णा म्हणाले.

"पॅटर्नची वाळूला लागती तीच बाजू रंगवतो न्हवं आपण..."

"आणि हितं कुठली वाळू हाय?"

वाफ खालून येते, हे कुणीही सांगू शकलं असतं.

मासा टाकीतल्याच पाण्यासकट ड्रममध्ये हलवला आणि वर जाळी बांधली. संध्याकाळी फिशटँकवाल्याने कोपरा नव्याने भरला. सिलिकॉन पक्कं होईपर्यंत मासा ड्रममध्येच राहिला.

मला वाटलं होतं, पुढचं झाकण मामांना मिळेल. अण्णा म्हणाले, "तूच कर. मोडायचं कसं ते कळलंय तुला."

या वेळी आधी सागाचे तुकडे वेगवेगळे रंग देऊन गरम पाण्याच्या भांड्यावर टांगले. चपडा पांढरा झाला. ऑइलपेंटला फोड आले. इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून लावायचा लेप, तसाच राहिला. झाकण दोन भागांत केलं. इपॉक्सी सगळ्या बाजूंनी लावलं. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्त हात दिले, कारण लाकूड तिथूनच सर्वात जास्त पाणी पितं. लेप पूर्ण वाळल्यावरच ते टाकीवर ठेवलं. पुढे-मागे फट सोडली. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून कडांना उतार देतो, तसा इथेही दिला. मासा निसटेल एवढी ती फट नाही. लाकडाला फुगायला पुरते.

पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. उन्हाळ्यात परत दिसायला लागते. मग केबिनमध्ये आलेलं कुणीतरी झाकण हलवून म्हणतं, "अण्णा, फिटिंग जरा ढिलं वाटतंय."

अण्णा माझ्याकडे बघतात. मी "व्हय" म्हणते आणि तसंच राहू देते.